फ्रेड डिब्नाच्या रीतीने चिमणी: बांधायची, चढायची, पाडायची (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी २०२४, रविवार. काय करायचं आणि किती मोठं

इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बोल्टन गावचा फ्रेड डिब्ना (२८ एप्रिल १९३८ – ६ नोव्हेंबर २००४) जगाला ठाऊक झाला तो गिरण्यांच्या उंच चिमण्या पाडणारा म्हणून. अशा सुमारे ९० चिमण्या त्याने उतरवल्या. पण त्याचा जीव अडकला होता डागडुजीत. चिमणीवर शिड्या चढवणं, दर्जा (विटांमधले सांधे) भरणं, भेगाळलेल्या विटांना लोखंडी पट्टे आवळणं, चर्चच्या शिखरावरचं वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) काढून सोनेरी वर्ख लावून परत बसवणं, हे त्याचं खरं काम. पाडायच्या आदल्या दिवशीही तो त्या बांधकामाचं मनापासून कौतुक करत असे.

म्हणून इथे नुसती चिमणी पाडायची नाही. आधी विटेवर वीट ठेवून ती बांधायची, तिला शिड्या लावायच्या, पट्टे आवळायचे आणि मग त्याच्या रीतीने, सुरुंगाशिवाय, लाकडी टेकूंवर तोलून आग लावून पाडायची.

माप १:२५. खरी चिमणी ४५ मीटरची धरली तर नमुना १८०० मिमी. बुंध्याचा बाहेरचा व्यास २४० मिमी, माथ्याचा १४०. म्हणजे प्रत्येक बाजूला ५० मिमी आत, उतार ३६ ला १. भिंत खालच्या ६०० मिमीपर्यंत ३० मिमी जाड, त्यावर १५ मिमी. खऱ्या चिमण्यांतही भिंत अशीच टप्प्याटप्प्याने पातळ होत जाते. हा टप्पा पुढे पाडताना महत्त्वाचा ठरणार आहे.

लँकेशायरच्या चिमण्या मराठी माणसाला परक्या वाटू नयेत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची आणि बोल्टनच्याच डॉब्सन अँड बार्लोची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत आली. गिरणगावातलं धुराडं आणि बोल्टनमधलं धुराडं एकाच घराण्यातलं.

२० जानेवारी, शनिवार. विटा

वीट ३० × १५ × १० मिमी. ही १:२५ च्या हिशेबाने मोठी आहे, पण खऱ्या प्रमाणातली वीट जेमतेम ९ मिमी लांब झाली असती आणि चुन्याचा सांधा धरता आला नसता. साचा ३३ × १६.५ × ११ चा केला, कारण माती वाळताना आणि भाजताना मिळून नऊ टक्के आटते.

हिशेब असा: थर १५६ (वीट १० मिमी, सांधा दीड मिमी). जाड भागात विटेची लांबी आत-बाहेर धरून थराला ३७ विटा, ५२ थर. पातळ भागात वीट गोलाईच्या दिशेने आडवी, थराला १६, थर १०४. एकूण ३६०० च्या आत. ३९०० भाजल्या.

बिघडलेल्या बहुतेक विटा केळ्यासारख्या वाकल्या. कारण एकच: ओल्या विटा फळीवर ठेवून उन्हात वाळवल्या, वरची बाजू आधी आटली. सावलीत, दर सहा तासांनी कूस बदलून वाळवलेल्या खेपेत वाकडेपणा जवळजवळ नाहीसा झाला. भट्टी कुंभाराची, भांड्यांच्या मधल्या फटींत विटा भरून.

२८ जानेवारी, रविवार. पाया, मधला गज, उताराची फळी

पाया ४५० × ४५० × ६० मिमी काँक्रीटचा. मध्यभागी ६ मिमीचा सरळ गज उभा केला आणि त्यावर फिरणारा पत्र्याचा हात बसवला. हाताचं टोक दाखवेल तिथे विटेची बाहेरची कड. दर तीन थरांनी हात १ मिमी आखूड करायचा, की उतार आपोआप मिळतो.

दुसरी पडताळणी उताराच्या फळीने. १८०० मिमी लांब फळी, एका टोकाला ५० मिमीने निमुळती, सरळ कडेला समांतर रेघ आणि तिच्यावर ओळंबा. निमुळती कड चिमणीला टेकवली आणि ओळंबा रेघेवर आला, तर उतार बरोबर. खऱ्या चिमण्या बांधणारे गवंडीही अशीच फळी वापरत. गज आणि फळी दोन्ही हवेत, कारण गज वाकला तर ते फक्त फळी सांगते.

गज पाडण्याआधी वरून उपसून काढायचा आहे. तो आत राहिला तर चिमणी त्यालाच टेकून उभी राहील. फळ्यावर लाल खडूने लिहून ठेवलं आहे.

११ फेब्रुवारी, रविवार. चुना आणि बांधकाम

विरवलेला चुना १, चाळलेली बारीक वाळू ३. विटा पाण्यात दहा मिनिटं बुडवून मगच लावायच्या. कोरडी वीट चुन्यातलं पाणी क्षणात पिते आणि सांधा पिठासारखा भुसभुशीत राहतो. पहिले चार थर याच चुकीने उतरवावे लागले.

दिवसाला १२ थर, त्यापेक्षा जास्त नाही. जास्त चढवले की खालचा ओला चुना दबतो आणि चिमणी एका अंगाला कलते. माथ्याला तीन थर प्रत्येकी ४ मिमी पुढे काढून कंगणी केली.

फ्रेडने तरुणपणी आईच्या घरावर स्वतःच्या हाताने नवं धुराडं बांधलं होतं. सुतारकाम तो रीतसर शिकला होता, विटकाम मात्र पाहून आणि करून. चित्रकलेचं शिक्षणही झालेलं होतं, आणि ते पुढे दूरचित्रवाणीवर दिसलं: एखादा बॉयलर किंवा कमान समजावताना तो पेन्सिलने काढून दाखवी आणि चित्र बोलू लागे.

१८ फेब्रुवारी, रविवार. चुना मुरेपर्यंत: वाफेचा फलक

चिमणीवर दिवसातून दोनदा पाणी मारणं चालू. दरम्यान, शेजारी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर. चिमणी आणि वाफ वेगळी करता येत नाहीत, चिमणी ही बॉयलरचंच नाक आहे.

फ्रेडकडे केंटमधल्या रोचेस्टरच्या अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टर कंपनीची दोन यंत्रं होती: १९१० चा स्टीम रोलर, ज्याला त्याने आईचं नाव दिलं, बेट्सी, आणि १९१२ चा वाफेचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टर उभा करायला २७ वर्षं लागली. इतका काळ का लागतो, हे फलकावर नीट सांगायचं आहे.

जुन्या यंत्रात चाकं, दांडे, सिलिंडर बहुधा टिकलेले असतात, वेळ खातो तो बॉयलर. भट्टीच्या पेटीचा पत्रा तळाशी, जिथे गाळ साचतो तिथे, कुरतडला जातो. पेटीचा पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना जोडणारे आडवे दांडे पाण्याच्या बाजूने गंजून मधोमध बारीक होतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. नळ्या टोकांपाशी गळतात. दुरुस्तीनंतर बॉयलर पूर्ण पाण्याने भरून, हवा काढून, कामाच्या दाबाच्या दीडपटीला तपासतात. वाफेने कधीच नाही: पाण्याच्या दाबाखाली पत्रा फाटला तर पाणी सांडतं, वाफेखाली फाटला तर माणूस जातो.

रिवेटचं काम: भोकं दोन्ही पत्र्यांतून एकत्र पाडायची, म्हणजे ती जुळतात. रिवेट नारिंगी तापवायचा, आतून एकाने जड लोखंड दाबून धरायचं, बाहेरून डोकं ठोकायचं. थंड होताना रिवेट आखडतो आणि पत्रे एकमेकांवर ओढून धरतो, सांध्याची घट्टी त्यातून येते. रिवेट थंड पडला तर भोक भरत नाही. जास्त तापून ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळलं, तो फेकायचा. शेवटी पत्र्याची कड बोथट छिन्नीने दाबून बसवायची. ट्रॅक्टरचा नवा बॉयलर फ्रेडने आपल्या परसातच उभा केला. तिथली लेथ आणि ड्रिलं वाफेच्या इंजिनावर, छताखालच्या फिरत्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालत.

आणखी एक भाग मोठ्या चित्रात दाखवायचा: भट्टीच्या छतातला शिशाने भरलेला बुच. पाणी छताखाली उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि आग मंदावते. तो वितळला म्हणजे हाकणाऱ्याची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नव्हती.

३ मार्च, रविवार. शिड्या

हा भाग घाईने करायचा नाही. फ्रेडच्या धंद्याचं मर्म इथे आहे.

खरी रीत अशी. पहिली शिडी जमिनीवरून टेकवायची. चढून विटांच्या सांध्यात छिन्नी फिरवत भोक पाडायचं, त्यात लाकडी खुंटी ठोकायची आणि खुंटीत लोखंडी आकडा. शिडी आकड्याला दोराने आवळायची. मग हात पोचेल तितक्या उंचावर पुढचा आकडा, त्याला कप्पी, कप्पीतून दोर, आणि खालच्या माणसाने दुसरी शिडी ओढून वर पाठवायची. ती पहिलीवर थोडी चढवून बांधायची, की पुढचा आकडा. माथ्याशी येईपर्यंत हेच. खुंटी लाकडाचीच का? विटेत लोखंड थेट ठोकलं तर वीट फुटते. लाकूड दबतं, पसरतं आणि आकडा धरून ठेवतं. पावसात फुगून आणखी घट्ट होतं.

सगळ्यात वाईट जागा कंगणी. तिथे विटा बाहेर आलेल्या, म्हणून शिडी मागे झुकते आणि चढणाऱ्याची पाठ जमिनीकडे होते. तिथून वर जाऊन फळ्यांची परांची बांधली की मग दुरुस्ती सुरू.

नमुन्यात १२ शिड्या, प्रत्येकी १८० मिमी, टोकं थोडी एकावर एक चढवून. उभे दांडे ३ मिमी बांबूचे, पायऱ्या दीड मिमीच्या, १८. प्रत्येक शिडीला दोन आकडे, १ मिमी तारेचे. भोक २ मिमी, ८ मिमी खोल, नेहमी सांध्यात. विटेत पाडलेली पहिली दोन भोकं वीट चिरूनच थांबली. शिड्या पडण्याच्या दिशेच्या बरोबर मागच्या बाजूला लावल्या, म्हणजे बुंध्याच्या कामात आड येत नाहीत.

१९७८ मध्ये बोल्टनच्या टाऊन हॉलच्या घड्याळमनोऱ्याची डागडुजी करत असताना बीबीसीने फ्रेडचं चित्रण केलं. पुढच्या वर्षी डॉन हॅवर्थ यांनी त्याच्यावर माहितीपट केला, त्याला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. पडद्यावर जे दिसलं ते असं शिडी, खुंटी, दोराचं काम होतं. चपटी टोपी घातलेला माणूस ते करता करता साध्या बोलीत समजावून सांगत होता.

१७ मार्च, रविवार. पट्टे आणि दर्जा

मध्यावर आणि पाऊण उंचीवर दोन लोखंडी पट्टे, ८ मिमी रुंद, चार तुकडे बोल्टांनी जोडून. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर पट्टा तिरका बसतो.

खऱ्या चिमणीला पट्टे का लागतात? कोळशाच्या धुरात गंधक असतं. ओल्या सांध्यात त्याचे क्षार तयार होतात आणि सांधा फुगतो. पावसाच्या माऱ्याची बाजू जास्त काळ ओली, म्हणून ती जास्त फुगते, जास्त वाढते आणि चिमणी दुसऱ्या अंगाला वाकते. सोबत उभ्या भेगा. पट्टा भेग बुजवत नाही, पण उघडू देत नाही. विरलेला सांधा विटेच्या आत खोल उकरून, धुऊन, नवा चुना दाबून भरायचा. वरवर लिंपलेली दर्जा पहिल्या थंडीत गळून पडते.

१४ एप्रिल, रविवार. बुंधा कापणे, टेकू लावणे

पाडण्याचं तत्त्व: पडायच्या बाजूने बुंध्यातल्या विटा काढायच्या आणि काढलेल्या प्रत्येक जागी ताबडतोब लाकूड घालायचं. शेवटी चिमणी अर्धी विटांवर, अर्धी लाकडांवर उभी. लाकूड जळलं की ती स्वतःच्याच वजनाने जाते.

नमुन्यात चौथ्या थरापासून पाच थर, म्हणजे ५७ मिमी उंच खाच. परीघ ७४१ मिमी, त्यातला ६० टक्के, ४४५ मिमी कापला. अर्ध्याहून जास्त का? बरोबर अर्धा कापला तर चिमणी ज्या रेषेवर वळणार ती रेषा मध्यातून जाते आणि वजन नेमकं तिच्यावर येतं, ढकलणारं काही उरत नाही. ६० टक्क्यांना ती रेषा ३२ मिमी मागे सरकते.

समोरच्या मध्यापासून सुरुवात, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, प्रत्येक वेळी ४५ मिमी. टेकू खोक्यांच्या सुक्या चिडाचे, १० × १० मिमी, एकूण दहा. वर ४ मिमीची फळी, खाली दोन पाचरी समोरासमोर. पाचर ठोकायची नाही, दाबून सरकवायची. ठोक्याने शेजारचा टेकू सैल होतो. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा: घट्ट टेकू खणकतो, सैल टेकू बद्द वाजतो.

२८ एप्रिल, रविवार. पहिली आग: चिमणी उभी राहिली

फ्रेडच्या जन्मदिवसाची तारीख मुद्दाम धरली होती. गज काढला. चहूबाजूंनी २.७ मीटर, म्हणजे उंचीच्या दीडपट, रिकामं. वाळू आणि पाण्याच्या बादल्या दोन बाजूंना. सरपण डावीकडे ४०० ग्रॅम, उजवीकडे ४००.

पेटवल्यावर मिनिटभरात माथ्यातून धूर निघाला. चिमणी आपल्याच नाशाच्या आगीला ओढ देत होती, फ्रेडच्या पद्धतीतला हा भाग जितका पाहावा तितका थोडाच. नऊ मिनिटांत सगळे टेकू जळून पडले. चिमणी जागची हलली नाही.

तासभर कुणी जवळ गेलं नाही. मग सहा मीटरवरून, दीड मीटर उंचीला आधीच बांधून ठेवलेल्या तारेने ओढली. तारेला लावलेला वजनकाटा ४ किलोला गेला तेव्हा मागचा सांधा उकलला.

१ मे, बुधवार. का पडली नाही

चूक मापाच्या नियमात होती. वजन उंचीच्या घनाने वाढतं, सांध्याची ताकद क्षेत्रफळाने. नमुना २५ पट लहान केला की त्याचा चुना वजनाच्या मानाने २५ पट बळकट होतो.

पडताळणीसाठी दोन विटा फुलीसारख्या चुन्याने चिकटवून खालच्या विटेला पाण्याची पिशवी टांगली. सांधा २२५ चौ. मिमी. साडेपाच किलोला सुटला. चिमणीचं वजन ३४ किलो, वळणरेषेपासून ३२ मिमी, यावरून काढलं तर सांधा ८५० ग्रॅमच्या आत सुटायला हवा होता. ही दहा मिनिटांची चाचणी फेब्रुवारीतच व्हायला हवी होती.

बदल दोन. चुन्याऐवजी माती १, वाळू २ चा गारा: चाचणीत ६०० ग्रॅमला सुटतो. आणि खाच दोन-तृतीयांश, ४९४ मिमी. आता रेषा ५२ मिमी मागे, सांधा २.३ किलोपर्यंतचा चालेल. म्हणजे भरपूर वाव.

जुन्या विटा पाण्यात भिजवून चुना खरवडून साफ केल्या, मोडलेल्यांच्या जागी राखीव. चुन्याचं बांधकाम असं विटा परत देतं. सिमेंट असतं तर विटा फुटल्या असत्या.

२६ मे, रविवार. पुन्हा बांधून झाली

मातीच्या गाऱ्यात दिवसाला १० थर, मे महिन्याच्या उन्हात गारा लवकर सुकतो. काल वळीव आला. टेकू आणि सरपण आधीच घरात होतं, चिमणीवर ताडपत्री होती, पण बुंध्याचे दोन थर ओलावले. आठवडा थांबायचं. ओल्या बाजूचे टेकू उशिरा जळतात, आणि एक बाजू मागे राहिली की चिमणी पिळवटून तिच्याच अंगावर जाते.

या वेळी टेकू अकरा. शिड्या आणि पट्टे पुन्हा जागेवर. मातीच्या सांध्यात खुंटी ठोकली की थर हलतो, म्हणून भोकं थर घालतानाच सोडली होती.

२ जून, रविवार. दुसरी आग

सकाळी ६:४०, वारा पडलेला. सरपण पुन्हा समान तोलून.

चित्रण सेकंदाला १२० चौकटींनी, दाखवायचं २४ ने. हा पाचपट संथपणा मनाने ठरवलेला नाही: उंची २५ पट तर पडायचा वेळ २५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे पाचपट. त्यामुळे पडद्यावर नमुना ४५ मीटरच्या चिमणीसारखा पडतो.

धूर लगेच माथ्यातून. चार मिनिटांनी समोरचे दोन टेकू मोडले. पाच मिनिटांना खाचेच्या वरून मातीची धार गळू लागली. फ्रेड बुंध्याशी उभा राहून याच खुणेची वाट पाही, आणि मागच्या भेगेची. भेग उघडली की हातातला भोंगा वाजवत बाजूला पळायचा. नमुन्यात मागची भेग ५ मिनिटं ४० सेकंदांना दिसली, आणि पुढच्या दोन सेकंदांत चिमणी खाली.

मोजमाप: आखलेल्या रेषेपासून ४ अंश डावीकडे. उजवीकडचा शेवटचा टेकू अर्धवट जळलेला सापडला, त्याने ती बाजू क्षणभर धरून ठेवली. पुढच्या वेळी टोकाचे दोन टेकू ८ मिमीचे. कंगणी पायापासून १.७५ मीटरवर.

चिमणी पडता पडता हवेतच मोडली, बुंध्यापासून ६४० मिमीवर. खालचा भाग मोकळेपणाने वेगात पडतो, माथ्याला तितक्या वेगाने खाली यायला खालच्याने ओढावं लागतं, आणि त्या ओढीने वाक तयार होतो. सारख्या जाडीच्या दांड्यात तो तळापासून एक-तृतीयांश उंचीवर सर्वांत जास्त असतो. इथे एक-तृतीयांश म्हणजे ६०० मिमी, आणि भिंत पातळ होते तीही तिथेच. दोन्ही कारणं एकाच जागी आली. ती वेगळी करायची तर पुढच्या चिमणीत जाडीचा टप्पा ९०० मिमीवर घ्यावा लागेल.

फ्रेडने शेवटची चिमणी मे २००४ मध्ये ओल्डहॅमजवळच्या रॉयटनला, पार्क मिलमध्ये पाडली. त्याच जुलैत त्याला एमबीई हा ब्रिटिश राजसन्मान मिळाला, नोव्हेंबरात तो गेला. त्याची शवपेटी त्याच्याच वाफेच्या ट्रॅक्टरमागून बोल्टनच्या रस्त्यांवरून गेली, पेटीवर त्याची टोपी होती. २००८ मध्ये गावात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला.

९ जून, रविवार. आवराआवर

साबूत विटा २९१०. शिड्या १२ पैकी ९ वापरण्याजोग्या, पट्टे दोन्ही सरळ करून तेल लावून ठेवले. माथ्याकडच्या विटा आतून काजळीने काळ्या झाल्या आहेत. त्या धुवायच्या नाहीत, पुढच्या बांधणीत पुन्हा माथ्यालाच लावायच्या. ताडपत्रीखाली विटांची रास पावसाळाभर जमिनीपासून वीतभर उंच फळीवर. साचा नव्या मातीसाठी तेल पुसून डब्यात. सुमारे ६८० विटा अजून घालायच्या आहेत, आणि टप्पा ९०० मिमीवर घेतला तर जाड भागासाठी आणखी सहाशे.